ढेकळाची झडती

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समजा, तुम्ही एका बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, साटीवर उभे आहात. खाली सगळं गाव लोटलंय. समोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलंय आणि तोरणाच्या अलीकडे बैलांच्या जोड्या उभ्या आहेत. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. डफडं वाजता वाजता थांबलंय. तुमच्या हातात माईक आहे. तुमच्या तोंडात एक ओळ तयार आहे, ती म्हटली की सगळं गाव पोट धरून हसणार, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आणि त्या गर्दीत एक माणूस तुमच्याकडे बघत उभा आहे. तो आधीपासूनच हसतोय.

आता डोळे उघडा. बंडीवर उभी होती ती दुर्गा. यवतमाळ जिल्ह्यात, महागावपासून पायवाटेनं जवळ आणि रस्त्यानं लांब असलेल्या मोहदरीची. सहावीतली, किडकिडीत, दोन वेण्यांची. ती त्या बंडीवर कशी येऊन पोचली, ते आधी ऐका.

मोहदरीत दोन वेटाळं, म्हणजे दोन वस्त्या. वरचं वेटाळ देवळाकडे, खालचं नदीकडे. पोळ्याच्या दिवशी दोन्हीकडचे बैल तोरणाखाली यायचे आणि मग व्हायचा झडत्यांचा सामना. झडती म्हणजे चार ओळींची यमकातली टोलेबाजी. एका वेटाळानं म्हणायची, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. प्रत्येक झडतीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर करायचा. डफडं थांबलं की झडती आलीच पाहिजे. ज्याच्याकडून आली नाही, ते वेटाळ हरलं. जिंकलेल्या वेटाळाची जोडी तोरणाखालून पहिली जायची. आणि एक अलिखित नियम होता. पोळ्याचं बोलणं पोळ्यापुरतं. झडती कोणी मनाला लावून घ्यायची नाही.

वरच्या वेटाळाच्या झडत्या म्हणायचे दुर्गाचे आजोबा, श्रावणजी. एके काळी त्यांच्या झडत्या ऐकायला आजूबाजूच्या गावांतून बंड्या जुंपून माणसं येत. पण वर्षांमागून वर्षं गेली आणि झडत्या त्याच राहिल्या. श्रावणजी मिशीवर हात फिरवून सुरू करत,

‘शिंगाले बेगड, पाठीले झूल,’

की पुढची ओळ पोट्टे, म्हणजे गावातली पोरंच, ओरडत, ‘खालच्या वेटाळाची पेटेना चूल!’ आणि खी खी करून निघून जात. कोणाच्या तरी घरी टीव्हीवर क्रिकेटचा सामना असे, कोणी महागावहून सिनेमाची सीडी आणलेली असे. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं ती ही वर्षं. दरसाल बियाण्याचं नवं पाकीट आणि दरसाल नवी अळी. माणसांच्या कपाळाची आठी सणालाही जात नसे. त्यातून हसवायचं, तर शिळ्या झडतीनं कसं हसवणार? एका पोळ्याला तर तोरणापाशी बैल जास्त आणि माणसं कमी होती. खालच्या वेटाळाचे झडतीवाले जफरचाचा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे आणि गावाला वापरायलाही द्यायचे. तेच म्हणाले, ‘श्रावणजी, आता आपण दोघं अन् हे बैलच राह्यलो. बैलाईले तं पाठ झाल्या आपल्या झडत्या. पुढच्या साली तेच म्हणतीन.’

श्रावणजी हसले नाहीत. त्यांचा आवाज बसला होता. डफडं थांबलं आणि त्यांना पुढचं आठवेना. तेव्हा त्यांच्या बंडीवर झुलीच्या गाठोड्यावर बसलेली दुर्गा उठून उभी राहिली आणि बारीक, खणखणीत आवाजात म्हणाली,

‘खांब आले, तार आली, दिवा काही लागे ना,
सरपंचाच्या गोठ्यातला बलब काही झोपे ना,
म्हैस म्हणे वगारीले, वाच बाई धडा,
गावातल्या पोराईच्या कंदिलाले तडा!’

मग जफरचाचांनी कपाळावर हात मारला आणि हसू फुटलं ते थांबेचना. सरपंच स्वतः डोळे पुसत म्हणाले, ‘काय व पोट्टे, माह्या म्हशीले शाळेत घातलं!’ टीव्हीसमोरची माणसं उठून आली. दिवाळीच्या आत रस्त्यावरच्या खांबांना दिवे लागले.

मोहदरीचा पोळा पुन्हा जिवंत झाला. श्रावणजी पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, ‘माह्या नातीची झडती ऐकली का?’

इथपर्यंत सगळं चांगलं होतं, मुलांनो. पण एकदा ताजं खाल्लेल्या माणसाला रोज ताजं लागतं. दुसऱ्या वर्षी आषाढापासूनच लोक विचारू लागले. ‘दुर्गे, यंदा कोणाची पाळी?’ पहिल्याच पोळ्यात सरपंचाचं झालं, मास्तरांचं झालं, रेशन दुकानाचंही झालं. नवं काय? दुर्गानं इकडेतिकडे पाहिलं आणि तिला पुंडलिक दिसला.

पुंडलिक खालच्या वेटाळातला. तिची मैत्रीण ललिता, जिला सगळे लली म्हणत, तिचा बाप. भजनात टाळ वाजवणारा, मोठ्यानं हसणारा माणूस. त्या वर्षी पाऊस लपंडाव खेळत होता आणि पुंडलिकाला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, तिबार पेरणी करावी लागली होती. तसं गावात पुष्कळांचं बियाणं वाया गेलं होतं. पण पुंडलिक त्याच्यावर स्वतःच विनोद करायचा, म्हणून दुर्गाला वाटलं, याला चालेल.

‘एकदा पेरलं, पाखराईनं नेलं,
दुसऱ्यानं पेरलं, उन्हानं खाल्लं,
तिसऱ्यानं पेरून राखणीले बसलं,
पुंडलिकभाऊले पाहून ढेकूळच हसलं!’

इतकं हसू त्या तोरणाखाली कधी झालं नव्हतं. पुंडलिकही हसला. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. दुर्गानं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. फक्त लली हसली नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुंडलिकाला ‘काय ढेकूळभाऊ’ म्हणून हाक मारली. तिसऱ्या दिवशी आणखी कोणी. पोळा संपला होता, पण झडती संपेना. पोट्टे त्याच्या घराच्या टिनावर ढेकळं फेकून पळू लागले. कापूस विकायला तो महागावला गेला, तेव्हा बाजारात एका अनोळखी माणसानं विचारलं, ‘मोहदरीचे ढेकूळवाले ते तुम्हीच काय?’ पुंडलिक तिथंही हसला म्हणे. मग हळूहळू त्याचं भजनाला जाणं थांबलं. पारावर येणं थांबलं. पिठाच्या चक्कीवर तो दुपारी, कोणी नसताना जाऊ लागला.

शाळेत लली दुर्गाच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसली. दुर्गानं विचारलं, ‘काहून व, काय झालं?’

‘काही नाई,’ लली म्हणाली. ‘पोळ्याचं बोलणं पोळ्याले राह्यते ना? मंग काय होईन?’



तिसरा पोळा जवळ आला. त्या वर्षी पाऊस उलटा लागला, थांबेचना. पऱ्हाटी कमरेला लागली, पण पानं पिवळी पडू लागली. वाड्यावस्त्यांवरून वाईट बातम्या येत आणि मोठी माणसं मुलं जवळ आली की बोलणं बदलत. अशात तांड्यावरचा खेमसिंग एक दिवस श्रावणजींच्या ओसरीवर येऊन बसला. त्याचं लाउडस्पीकरचं दुकान होतं, लग्नात व्हिडिओ काढायचा. तो म्हणाला, ‘बाबा, यंदा आपण पोळ्याची शूटिंग करू. सीडी काढू. पोरीची झडती यवतमाळपर्यंत जाईन. पण माल कडक पाह्यजे. मागच्या सालचं ढेकूळ लोकाईच्या तोंडात हाय अजून. त्याच्यावर अजून एक, त्याच्याहून तिखट!’

‘तेच तेच काहून?’ श्रावणजी म्हणाले. ‘नवं करन ते.’

‘लोकाईले नवं पाह्यजे, बाबा, पण वळखीचं नवं पाह्यजे. ढेकूळच पाह्यजे, पण अजून फुटलेलं.’ आणि तो आपल्याच बोलण्यावर खुश होऊन हसला.

दुर्गानं त्या संध्याकाळी झडती जुळवायला घेतली. तिला वाटलं होतं, जमणार नाही. पण ती विहिरीच्या पाण्यासारखी आपोआप वर आली.

‘पारावर येईना, भजनात गाईना,
पुंडलिकभाऊले गावच पाहीना,
ढेकळाचं लेकरू ढेकळात लपलं,
पाऊस आला तं विरघळून संपलं!’

तिनं आजोबांना म्हणून दाखवली. श्रावणजींनी मांडीवर थाप मारली. ‘वा वा! शेवटची ओळ तं अशी बसली, का माह्या बापालेही जमली नसती.’

दुर्गाला आनंद झाला. पण झोपताना ती शेवटची ओळ तिच्या डोक्यात फिरत राहिली आणि तिला ती का आवडत नाही, हे तिला कळेना. ओळ तर चांगली होती. फार चांगली होती.

पोळ्याच्या दिवशी सकाळी पावसानं उघडीप दिली. आभाळ मात्र पितळेच्या जुन्या भांड्यासारखं काळवंडलेलंच होतं. दुर्गा आजोबांचे बैल धुवायला नदीवर घेऊन गेली. पाणी गढूळ आणि चढलेलं होतं. म्हणून काठावर दुसरं कोणीच नव्हतं. फक्त पुंडलिक आपली जोडी धूत होता.

ती मागे वळणार होती. पण बैल पाण्याकडे ओढत होते.

‘ये व, दुर्गे,’ पुंडलिक म्हणाला. ‘भेतं कायले? खाली पाय जपून टाक, चिखल हाय.’

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त नेहमीपेक्षा जास्त शांत होता. त्यानं बैलाच्या खांद्यावर पाणी ओतलं, कानामागं चोळलं, डोळ्याच्या कोपऱ्यातली घाण आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली. इतका वेळ लावून, इतक्या मायेनं, की दुर्गा बघत राहिली.

‘काका, लय चकाकून राह्यले बैल.’

‘हो ना. उद्या हे जातेत ललीच्या मामाकडं. तो आलाय पोळ्याले, जाताना घेऊन जाईन. चांगले दिसले पाह्यजे.’

‘काहून? इकले काय?’

‘नाई व. सांभाळाले दिले.’

‘अन् मंग तुम्ही वावर कशानं वखरसान?’

पुंडलिक बैलाची शेपटी धुऊ लागला. नदीच्या पाण्यातून एक अख्खं झुडूप मुळासकट वाहत गेलं. दोघांनी ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

मग तो म्हणाला, ‘झडती केली का यंदा माह्यावर?’

दुर्गाची मान खाली गेली.

‘कर, कर. लाजतं कायले? लोकं किती हासतेत. लोकाईले हासू द्याव. तेवढंच एक काम राह्यलं माह्याकडून.’ तो हसला. तेच हसू, सगळ्यांच्या आधीचं. ‘शेवटची हाय, तं चांगली कर.’

‘शेवटची काहून?’

‘अशीच म्हणलं,’ असं म्हणून त्यानं बैल काठावर घेतले आणि वळून न पाहता निघून गेला.

दुर्गा घरी आली ती धावतच. श्रावणजी ओसरीवर बैलांच्या शिंगांसाठी बेगड कापत होते.

‘आबाजी, पुंडलिककाका बैल देऊन राह्यले ललीच्या मामाले. अन् म्हणे ही शेवटची झडती.’

‘असं?’ श्रावणजींनी कात्रीवरची नजर काढली नाही. ‘पुढच्या साली पुसदले जात असन कामाले. किती लोकं चालले.’

‘पण आबाजी, ते लय वेगळं बोलत होते.’

‘पोळ्याच्या दिवशी माणूस आपल्या बैलासंग असाच हळवा बोलते. सणासुदीचं तोंड कडू नको करू, बाई. जाय, वेण्या घाल. खेमसिंग येईन आता कॅमेरा घेऊन.’

मुलांनो, श्रावणजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी नातीचं ऐकलं नाही, कारण त्यांच्या कानात दुपारचा गजर आधीच वाजू लागला होता. माणसाला टाळ्या ऐकू येऊ लागल्या, की जवळचं बोलणं ऐकू येत नाही.

दुर्गानं वेण्या घातल्या नाहीत. ती खालच्या वेटाळात गेली. ललीच्या दारात नवं तोरण होतं, अंगण सारवलेलं होतं. लली उंबऱ्यावर बसून केसाला नवी लाल रिबन बांधत होती.

‘आता कायले आली? ढेकूळ पाह्याले?’

‘लली, तुह्ये बाबा कुठंशी गेले?’

‘जफरचाचाकडं. पंप वापस द्याले.’ लली थोडी घुटमळली. मग आपण मैत्रिणीशी किती दिवसांत बोललो नाही, हे विसरून म्हणाली, ‘आज सकाळपासून सगळ्याईच्या वस्तू वापस देऊन राह्यले. शेजारची कुऱ्हाड, तानाबाईची चाळणी. मले ही रिबन आणली. आईले म्हणे, तुले माहेरी बरं वाटते ना. आई खुश झाली. लय दिवसानं बाबा चांगले बोलले.’

तिचे डोळे खरोखरच आनंदले होते. दुर्गाला काहीतरी सांगायचं होतं, पण काय सांगणार? की तुझा बाप चांगला बोलतोय आणि मला त्याची भीती वाटते? ती घरी परतली. वाटेत दोन पोट्टे दगडानं ढेकळं फोडत बसले होते. एकानं विचारलं, ‘दुर्गे, आज ढेकळाचं काय व?’

तिसऱ्या प्रहरी सगळं गाव तोरणापाशी जमलं. आसपासच्या गावांचेही लोक आले होते. खेमसिंगानं बाभळीच्या फांदीला भोंगा बांधला होता आणि स्वतः एका ड्रमवर चढून कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. आभाळ इतकं खाली आलं होतं, की भोंग्याचा आवाज वर न जाता माणसांच्या डोक्यांवरच घुमत होता. बैल अस्वस्थ होते. घुंगरं थांबत नव्हती.

पुंडलिक आपली जोडी घेऊन आला. धुतलेले पांढरे कपडे, कपाळाला गुलाल. त्याला पाहून गर्दीत कुजबुज पसरली आणि कोणीतरी शीळ घातली. कित्येक महिने जो माणूस पारावर दिसला नव्हता, तो आज सगळ्यांच्या पुढे, अगदी दुर्गाच्या बंडीसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मागे ललीचा मामा, आणि मामाच्या बाजूला लली.

सामना सुरू झाला. जफरचाचा फॉर्मात होते. त्यांनी पहिलाच टोला श्रावणजींना दिला.

‘वरच्या वेटाळाची ऐका बापा थोरी,
बुढ्याच्या तोंडात बोलते पोरी,
दात गेले, आवाज गेला, राह्यली मिशी,
श्रावणजीची झडती आता नातीच्या खिशी!’

गजर झाला. महादेवाचा हा गजर नेहमीप्रमाणे खालच्या वेटाळातले बाकीचे करत आणि जफरचाचा आपली टोपी सावरत बाजूला उभे राहत. दुर्गानं उत्तर दिलं. मग पुन्हा त्यांनी, पुन्हा हिनं. पण लोक हसले ते वरवर. भुकेलेल्या माणसानं पानातलं लोणचं चाटावं, तसे. मागून कोणीतरी ओरडलं, ‘हे राहू द्या, ढेकूळ आणा!’

‘ढेकूळ! ढेकूळ!’ पोट्ट्यांनी ताल धरला. डफडेवाल्यानंही तोच ताल उचलला. मोठी माणसं हसत हसत टाळ्या वाजवू लागली. ज्यांच्याबरोबर पुंडलिक भजनात टाळ वाजवायचा, तेही. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. पोळ्याचं बोलणं पोळ्यापुरतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं ना.

‘बेटा, आता!’ ड्रमवरून खेमसिंग ओरडला. ‘आता मार! रेकॉर्डिंग चालू हाय!’

श्रावणजी खालून बंडीचं चाक धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत नव्हतं असं तेज होतं. ‘म्हण, माय,’ ते हळूच म्हणाले. ‘ती विरघळणारी म्हण. पहिली जोडी आज आपली.’

डफडं थांबलं.

दुर्गानं पुंडलिकाकडे पाहिलं. तो हसत होता आणि हलकेच मान हलवत होता. म्हण, म्हण. जणू तिला धीर देत होता. एका हातात कासरा होता. दुसरा हात बैलाच्या मानेवर होता आणि तो बैलाला असा थोपटत होता, जसं दूरच्या प्रवासाला निघताना माणूस घरातल्या लहानग्याला थोपटतो.

ती ओळ दुर्गाच्या जिभेवर होती. पाऊस आला तं विरघळून संपलं. आणि त्या क्षणी तिला कळलं, की ती ओळ तिला रात्री का आवडली नव्हती. ही ओळ तिनं हसण्यासाठी जुळवली होती. पण समोरचा माणूस ती ऐकायला आला होता ते हसण्यासाठी नाही. सगळ्या गावानं एकदा मोठ्यानं म्हणावी आणि मग आपण जावं, म्हणून तो आला होता.

गर्दी थांबली. भोंगा खरखरला.

‘म्हण ना व!’ कोणीतरी चिडून म्हणालं.

दुर्गानं माईक तोंडाजवळ नेला.

‘माह्याजवळ झडती नाई,’ ती म्हणाली. ‘वरचं वेटाळ हारलं.’

भोंग्यानं तिचा आवाज सगळ्या रानावर फेकला. क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. ‘असं कसं?’ ‘पोट्टी भेली!’ ‘फसवलं राजेहो!’ खेमसिंग ड्रमवरून हातवारे करू लागला. श्रावणजींचा हात चाकावरून सुटला आणि ते नातीकडे अशा नजरेनं पाहू लागले, जणू तिला ते ओळखतच नव्हते.

दुर्गानं माईक साटीवर ठेवला. आजोबांकडे तिनं पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिचे पाय उचलले नसते. ती चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवून खाली उतरली आणि माणसांच्या मांड्यांमधून, बैलांच्या पोटाखालून वाट काढत पुंडलिकापाशी जाऊन उभी राहिली.

‘काहून व?’ पुंडलिक म्हणाला. त्याचं हसू अजून तोंडावर होतं, पण ते आता कुठं ठेवावं हे त्याला समजत नव्हतं. ‘म्हणाची होती ना. चांगली जुळली होती म्हणे.’

‘काका, उद्या तान्हा पोळा हाय,’ दुर्गा म्हणाली. तान्हा पोळा म्हणजे मुलांचा पोळा, लाकडाच्या बैलांचा, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. ‘माह्या लाकडाच्या बैलाले झडती पाह्यजे. माह्यावरचीच पाह्यजे. तुम्ही म्हणा. मले रडू आलं पाह्यजे, अशी म्हणा.’

‘उद्या?’ पुंडलिक म्हणाला.

‘उद्या सकाळी. मी अन् लली तुमच्या दारात येतो. तुम्ही राह्यसान ना?’

तो तिच्याकडे पाहत राहिला. वरून पावसाचा पहिला जाड थेंब बैलाच्या झुलीवर पडला, मग दुसरा. लोक अजून ओरडत होते. जफरचाचा जिंकलेल्या वेटाळाच्या जोडीला पुढं बोलवायला आले होते. दुर्गानं मागे वळून त्यांना हाक मारली. भोंग्यासाठी ठेवलेला तोच खणखणीत आवाज आता तिनं माईकशिवाय काढला.

‘चाचा, इकडं या! पुंडलिककाकानं आज सगळ्याईच्या वस्तू वापस केल्या. बैल मामाले देऊन टाकले. मले नदीवर म्हणाले, ही शेवटची झडती हाय. मी आबाजीले सांगतलं, त्याईनं ऐकलं नाई. तुम्ही ऐका.’

जफरचाचांचा उचललेला हात तसाच राहिला. त्यांना सकाळी परत आलेला पंप आठवला असावा. लखलखीत घासून, नळीची गुंडाळी करून आणून दिलेला. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा पोळा एकदम उतरला. ते पुंडलिकाच्या दुसऱ्या बाजूला येऊन, खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मामानं ललीकडे पाहिलं. ललीनं बापाच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंग गेला.

‘अशीच काहीतरी बोलते पोट्टी,’ पुंडलिक म्हणाला. पण त्याचा आवाज फाटला होता.

‘मंग उद्या झडती म्हणतो, म्हणा,’ दुर्गा म्हणाली.

पावसाचा जोर वाढला. माणसं झाडांखाली पळू लागली, खेमसिंग कॅमेऱ्यावर पोतं टाकून ड्रमवरून उतरला. तोरणाची पानं ओली होऊन लोंबू लागली. तोरणाखालून अजून एकही जोडी गेली नव्हती.

दुर्गानं पुंडलिकाच्या हातातला कासरा धरला. ओढला नाही, फक्त धरला. त्याचे दोन वेढे आपल्या मनगटाला घातले, आणि चिखलात, बैलांच्या खुरांपाशी, मांडी घालून बसली. लली आली आणि तिच्या बाजूला बसली. पाऊस दोघींच्या केसांतून गळत होता. दुर्गानं मान वर केली आणि पुन्हा विचारलं, ‘काका, उद्या किती वाजता येऊ?’

त्यानं कासरा ओढून घेतला नाही. तिनंही कासरा सोडला नाही. ती पुन्हा विचारायला लागली.